आडवे होण्याची चैन

धोंडिबा गेला, ही बातमी त्याचा मुलगा बाळू याने दिवस उजाडताना माझ्या दारात उभे राहून दिली, आणि तिच्या पाठोपाठ, डोळे न पुसताच, त्याने विचारले, "मास्तर, गाव म्हणतंय आबांना बसवूनच न्यायचं. साधूगत समाधी द्यायची. काय करू?" त्याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत कोणा भाविकाने लिहिले, की चाकणच्या या गिरणीवाल्याने आयुष्याची वीस वर्षे पाठ जमिनीला न टेकण्याचे व्रत पाळले. ते वाचून मी गप्प बसावे, अशी गावातल्या काहींची इच्छा आहे. ती पुरी होणार नाही.

व्रत कसले? त्याला दमा होता. आडवा झाला, की छातीवर कोणीतरी जात्याची तळी ठेवावी तसे त्याला होई. म्हणून गिरणीच्या भिंतीशी कोंड्याची दोन पोती रचायची, त्यांवर बसून भिंतीला पाठ लावायची, मांडीवर घोंगडीची वळकटी घ्यायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची झोप. दम्याच्या माणसाने पिठात निजावे का, यावरून आमचे कैक वेळा भांडण झाले. "घरात न्हाई जमत, मास्तर," तो म्हणे. "माज्या छातीची शिट्टी वाजली, की नातवंडं उठत्यात. हितं कोण हाय? इंजिन बंद व्हतं, मी आपला चालू ऱ्हातो!"

सकाळी लवकर दळण घेऊन येणाऱ्या बायांना मात्र निराळेच दिसे. अर्धे उघडे दार, आत धुरकट उजेड, हवेत अजून तरंगणारे पीठ, आणि त्यात ताठ बसलेला, मिटल्या डोळ्यांचा, भुवयांपर्यंत पांढरा झालेला पुरुष... त्यांच्याच जोंधळ्याचे पीठ त्यांना भस्म वाटू लागले. पाट्या हलक्या हाताने उतरू लागल्या. पुढे कोणी नारळही ठेवला.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दुसऱ्या कोणी ती लिहिण्याआधी मीच लिहितो. शाळेत जाताना एकदा मीच दारातून ओरडलो होतो, "काय महाराज, समाधी उतरली का?" तो हसला, हसता हसता खोकत राहिला, रांगेतल्या बाया मात्र हसल्या नाहीत. थट्टा माझी होती, हात त्यांनी जोडले. पुढे त्याने मला सुनावलेही, "तुमी म्हाराज केलं, आता नारळबी तुमीच फोडा."

लहानपणी आम्ही दोघे त्याच्या खळ्यावर, बाजरीच्या भुसात, उताणे पडत असू. वरून ढग सरकत, आणि बघता बघता ढग थांबत व खळेच चालू लागे. आम्हांला घेऊन, सावकाश, डोंगराच्या पलीकडे कुठेतरी... हे मी विसरून गेलो होतो. गेल्या माघात, एका दुपारी, गिरणी बंद असताना पोत्यांवर टेकलेला धोंडिबा डोळे न उघडता म्हणाला, "मास्तर, त्ये खळं अजून चालतंय का वो?" मी म्हणालो, "चालत असेल." "सपनात मी उताणाच असतो बगा. जागा झालो, की बसल्याला." मग थोडा श्वास गोळा करून म्हणाला, "सगळ्यात मोठी चैन कंची, सांगू? उताणं निजणं. मेल्यावर तेवढी फुकट घावंल."

हेच शब्द मनात घेऊन मी त्या सकाळी बाळूबरोबर गिरणीत गेलो. धोंडिबा पोत्यांवर, भिंतीला टेकून बसलेलाच होता, आणि दारात गाव जमले होते. पाटील म्हणाले, "मास्तर, त्यो आसनात गेला. आसन मोडायचं पाप कोण घेनार?"

"मी घेतो," मी म्हणालो.

"दोन बुकं शिकला म्हनून गावाच्या वर?"

मी बाळूकडे वळलो. म्हणालो, "तुझा बाप दमला होता रे. त्याला निजव." बाळू क्षणभर गावाकडे, क्षणभर बापाकडे बघत राहिला. मग त्याने खांदे धरले. मी गुडघे धरले. अंग अजून कोमट होते. पाय सरळ झाले. पाठ जमिनीला टेकली आणि मी, सवयीने, शिट्टी ऐकू येण्याची वाट पाहिली... त्याला आडवाच नेला, तोंड आभाळाकडे करून.

आता भांडण उरले आहे ते भिंतीचे. सगळी भिंत पिठाने पांढरी आहे. जिथे त्याची पाठ आणि डोके टेकत असे, तेवढीच जागा मातीच्या रंगाची राहिली आहे. बसलेल्या माणसाचा आकार. बाया तिथे कुंकू लावू पाहतात, मी लावू देत नाही. पोती मी दुसऱ्याच दिवशी हलवायला लावली. चुना फिरवू का, असे बाळूने विचारले, तेव्हा मात्र मी नको म्हणालो. का, ते मला सांगता आले नाही, आणि मला सांगता आले नाही असे फारसे कधी घडत नाही. गिरणी चालू आहे. दुपारी मी जाऊन समोर बसतो. दळणाचे पीठ उडते, तरंगते, आणि त्या आकारावर बसत जाते. खांदे पुसट झाले आहेत. डोके अजून दिसते.