एक हात घरचा

सुनंदाताई कढी ढवळायच्या ती एका हाताने. दुसरा हात पाठीमागे, कमरेवर. पोळी भाजताना तसंच, दिव्याची वात सारताना तसंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंची कंबर धरली आहे. तेल कोमट करून देऊ का, म्हणून विचारलं.

"कंबर ठणठणीत आहे गं," त्या हसल्या. "ड्यूटीची सवय."

त्या रेडिओ केंद्रात यंत्रांवर कामाला, तिथल्या ड्यूटीत कढी कुठून आली हे काही मला कळलं नाही. पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. नव्या माणसांना फार विचारलं की त्यांना कळतं, ही सातवीनंतर शाळा सोडलेली आहे. निदान तेव्हा मला असं वाटायचं.

मी बार्शीकडची. लग्न करून रत्नागिरीला आले ती घाबरतच. ह्यांना रेडिओ केंद्राच्या जीपवर ड्रायव्हरची नोकरी होती, आणि सुनंदाताईंच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मला सगळ्याचीच भीती. विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांची, माडावरून पडणाऱ्या नारळाची, कौलात सळसळणाऱ्या कशाचीही. आमच्याकडे माणसाला उन्हाने मारलं तर मारलं. इथं वरून, खालून, पाण्यातून, कुठूनही काही यायचं.

सुनंदाताईंचं याबाबतीत एक ठरलेलं होतं. "आत्ता वेळ नाही," त्या म्हणायच्या, "जेवल्यावर घाबरू." थट्टा नव्हती ती, रीतच होती. मुंबईहून नवऱ्याचं पत्र आलं नाही, जेवल्यावर. चुलीमागे विंचू निघाला, आधी चिमट्याने बाहेर, घाबरायचं जेवल्यावर. आणि जेवल्यावर त्यांना झोप यायची. पहाटेच्या ड्यूटीचं माणूस ते, पाट सारायच्या आधी डोळे मिटायचे. त्यामुळे घाबरणं राहूनच जायचं.

एकदा त्यांनी मला बांगड्याचं कालवण वाढलं. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. मी काट्याकडे बघत बसले.

"ताई, काटा अडकला तर?"

"जेवल्यावर घाबरू."

"पण तो जेवतानाच अडकतो की."

त्या इतक्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला. मग माझ्या ताटातले काटे काढून द्यायला बसल्या, एक हात मागे ठेवून.

त्यांचं काम वर सड्यावर. सडा म्हणजे गावाबाहेरचं जांभ्या दगडाचा उघडा माळ. तिथं रेडिओचा उंच मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी कपाटाएवढाली यंत्रं. ती यंत्रं पहाटे तापवायची, सुरू करायची, दिवसभर सांभाळायची. त्या कामावर ताई एकट्याच बाई. नवरा मुंबईला कंपनीत, गणपती आणि शिमग्याला येणारा. घरात चार वर्षांची मनू. पहाटे अंधारात आमचे हे जीप घेऊन दारात यायचे, ताई डोक्याला रुमाल बांधून पुढे बसायच्या, आणि मी माझी वाकळ उचलून मनूशेजारी जाऊन पडायची.

मनू उठली की आईसाठी भोकाड पसरायची. पहिल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर रडले, इतकं सांगितलं तरी पुरे. मग ताईंनी एक युक्ती काढली. जाताना रेडिओ चालू करून जायचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रेडिओत नुसती खरखर असते, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

"ही खरखर ऐकत राहा," त्यांनी मनूला सांगितलं. "मी वर जाऊन मोठं यंत्र चालू केलं की खरखर एकदम गप्प होईल. काहीच ऐकू येणार नाही. ते काहीच नाही, ती मी."

"तू गाणं का नाही म्हणत?"

"गाणारे वेगळे. त्यांना गायला शांत जागा लागते. ती मी करून देते."

खरंच तसं व्हायचं. खरखर चालू, चालू, आणि एकाएकी थांबायची. बंद पडलेल्या रेडिओची शांतता नव्हे ती. कुणीतरी दार उघडून आत येऊन उभं राहिल्यासारखी. मनू बोट वर करून म्हणायची, "आई पोचली." मग थोड्या वेळाने रोजची धून वाजायची, आणि मी दूध तापत ठेवायची. मला मनूपेक्षा जास्त बरं वाटायचं, कारण ताई पोचल्या म्हणजे आमचे हेही पोचले.

भातकापणी उरकल्यावर ताईंच्या सासूबाई, मनूच्या आजी, संगमेश्वराकडच्या गावाहून आल्या. काटक म्हातारी, नऊवारीचा कासोटा घट्ट. आल्या त्याच सांगून, की मनूला न्यायला आलेय.

"पोर शेजारणीच्या गळ्यात घालून ही काळोखात गाडीत बसते. जल्ली ती नोकरी. चार दिस बघतंय, नि पोरीला घेऊन जातंय."

संध्याकाळी विहिरीवर ताई मला म्हणाल्या, "मनू गेली तर मी सड्यावर चढणार नाही, कुसुम. राजीनामा देईन." कळशी भरली आणि चालू लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'जेवल्यावर' हा शब्द आला नाही.

म्हणजे म्हातारीचं मन वळायचं तर आता त्या चार दिवसांतच. आणि चार दिवस मनूला सांभाळणार होते मी, जी कौलावर मांजर चाललं तरी उठून बसायची.

तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी खरखर थांबेना.

उजाडलं. कावळे ओरडायला लागले. गवळी आला, दूध घालून गेला; एरवी तो येतो तेव्हा भजनं सुरू झालेली असतात. रेडिओ आपला वाळू ओततोय. मनू अंथरुणात बसून त्याच्याकडे बघत होती. "आई पोचली नाही," ती म्हणाली. रडली नाही, नुसतं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे सड्याच्या चढावरचं ते वळण, त्याच्या खालची दरी, आणि स्टिअरिंगवर आमचे हे.

आजी आधी पुटपुटत होत्या, "म्हणून सांगत व्हते मी." मग पुटपुटणं थांबलं. रेडिओजवळ गेल्या, त्याला वरून एक चापट मारली. "ह्योच बिगाडला आसंल."

रेडिओ बिघडला नव्हता. तसं असतं तर खरखर कशाला आली असती? आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, जेवल्यावर घाबरू."

मला वाटलं आता म्हातारी मला जाळणार. पण त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग पेज वाढ."

तिघींना वाढली. गरम पेज, आंब्याचं लोणचं. मनूची वाटी मी दोनदा सांडली. खरखर चालू, वाटीत चमचा वाजतोय. आजींचा घास तोंडाशी होता आणि आवाज थांबला.

मनूने बोट वर केलं. "आई पोचली."

धून वगैरे काही नाही. कुठल्याशा भजनाच्या मधूनच एक बाई गायला लागली, जणू दार उशिरा उघडल्यावर बाहेर उभं असलेलं माणूस बोलत बोलतच आत यावं. आजींनी घास तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावत राहिल्या.

दुपारी ताई आल्या त्या एका पायात चप्पल घालून. चढावर जीपच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. हे गाडीपाशी राहिले आणि ताई उरलेला सडा धावत गेल्या. जांभ्याने तळवा सोलला होता. "तापायला यंत्र वेळ घेतं ना," एवढंच म्हणाल्या, "ते काय माझ्यासारखं उठून पळत नाही." आणि चुलीशी बसून आमटीला फोडणी द्यायला लागल्या, एक हात मागे.

आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. "तो हात मागं का गो असतो सदानकदा? आमच्यात अशी नाय कोण जेवण करीत."

ताई ओशाळल्या. "तिथं वीज फार मोठी असते, आई. दोन्ही हातांनी यंत्राला शिवलं आणि काही चुकलं, तर वीज या हातातून त्या हातात जाते, छातीतून. एक हात मागे असला की वाचायची आशा असते. म्हणून पहिल्या दिवशीच शिकवतात, एक हात कामाचा." त्या पळीकडे बघत होत्या. "दुसरा घरचा."

आजी उठल्या. ताईंच्या पायाला हळद-तेल लावलं, तेही त्यांचा कमरेवरचा तो हात न हलवता.

दुसऱ्या दिवशी आजींची पिशवी भरलेली होती. मनूचे कपडे दोरीवरच होते. एस.टी.त चढताना मला जवळ बोलावलं. "तिचा एक हात थयं सड्यावर, एक हयं घरात. तिसरा तू हायस, बाय. नि मरणाचं घाबरतेस कशाला गो? पेज बरी करतेस."

पुढे काही वर्षांनी ताईंची बदली झाली, पार विदर्भात. मी इथंच राहिले. त्या गेल्यावर शाळेतल्या एका बाईंनी त्यांचं बाळ माझ्याकडे ठेवलं, मग बँकेतल्या एकीने, मग तिच्या बहिणीने. सातवी झालेल्या बाईचं पाळणाघर असं उभं राहिलं. अजून चालतं. नवं मूल पहिल्या दिवशी रडतं तेव्हा मी सांगते, जेवल्यावर रडू. बहुतेक झोपतात.

गेल्या पावसाळ्यात मनूचा फोन आला. आता ती स्वतः नोकरी करते, दोन मुलं आहेत. "मावशी, आई..." म्हणाली आणि गप्प झाली. फोनवर खरखर नव्हती, काही नव्हतं. मी ओळखलं. दोघी त्या शांततेत थांबलो.

मग मी विचारलं, "जेवलीस?"

"नाही."

"आधी जेव. मुलांना वाढ. मग फोन कर, आपण दोघी रडू."