काळ्या गाडीवरचं दव

दीपनगरच्या कॉलनीत वारा फिरला की औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख येते. तुळशीच्या पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, झाकायला विसरलेल्या दुधावरसुद्धा. नवीन आलेली माणसं चार दिवस नाक मुरडतात आणि मग गुमान फडकं हातात घेतात. प्रमिलाबाईंनी तर ते पहिल्याच दिवशी घेतलं. पहाटे उठायचं, खिडकीचे गज, कुंड्या, सुनेची स्कूटी, उंबरा, सगळं पुसून काढायचं आणि मग चहाचं आधण ठेवायचं. कोणी सांगितलं नव्हतं. पण फुकटचं खाते असं कोणी म्हणायच्या आत हात चालू ठेवावा, एवढं शहाणपण त्यांना सोनगीरने शिकवलं होतं.

सोनगीरला त्यांच्या भावाचं, सुकदेवचं घर. नवरा गेल्यावर त्या चार वर्षं तिथे होत्या. भाऊ चांगला, पण भाऊ दिवसभर शेतात. घरात वहिनी. वहिनी कधी भांडली नाही. प्रमिलाबाईंनी दुसरी भाकरी घेतली की ती फक्त टोपल्याकडे बघायची. चार वर्षं ही नजर सोसून पाहा, म्हणजे कळेल. मग मुलाला, अमृतला, मुलगी झाली. सून सुलक्षणा शाळेत शिकवायला जाणार, पोर सांभाळायला कोणी नाही, तेव्हा अमृतला आई आठवली. कशासाठी आठवली हे प्रमिलाबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्या आल्या, दोन वर्षं राहिल्या, आणि आता परत सोनगीरला पाठवणी होऊ नये, एवढं एकच मागणं त्यांचं देवाकडे उरलं होतं.

दसऱ्याला अमृतने गाडी घेतली. काळी. राखेच्या गावात काळी गाडी घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं? कॉलनीतले लोक त्याला साहेब म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. प्रमिलाबाईंनी बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढला. संध्याकाळी साहेबांनी तो तीन पाण्यांनी धुतला, तरी म्हणे उन्हात गुलाबी दिसतो. तेव्हापासून त्याला कोटिंगचं, गाडीच्या रंगावर संरक्षक थर चढवायचं वेड लागलं. दीड महिना जेवताना मोबाईल समोर, आणि मोबाईलमध्ये कोणीतरी गाडीवर पाणी ओततोय, पाणी मोत्यासारखं घरंगळतंय. एक वर्षाचं करावं की तीन, सिरॅमिक बरं की ग्राफीन, की सगळ्या गाडीला पारदर्शक फिल्मच चढवावी? आईच्या टाचांना भेगा पडून रक्त यायचं, त्यावर कोणतं मलम बरं याचा विचार या दीड महिन्यात कोणी केला नाही. बाईंनीही कोणाला विचारलं नाही. मेण तापवून लावत राहिल्या.

सुलक्षणाचं माहेर धुळ्याला, देवपुरात. तिथल्याच नवलच्या दुकानात गाडीला कोटिंग करून घ्यायचं ठरलं, म्हणून नोव्हेंबरअखेर सगळेच दोन दिवस देवपूरला गेले. नवल पस्तिशीचा, कमी बोलणारा, हातात कसब असलेला माणूस. अमृत त्याच्याशी बोलत होता आणि प्रमिलाबाई नातीला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. नवलने आधी गाडी धुतली, मग प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून हळूच फिरवला. पिशवीतून बारीकसा कणही बोटाला लागतो, असं त्याने सांगितलं. प्रमिलाबाई वाकून बघताहेत हे पाहून त्याने पिशवी पुढे केली.

"अक्का, बघा हात फिरवून."

त्यांनी फिरवला. राखेचे रवे कळले. गाडी आल्यापासून तिला हात लाव असं म्हणणारा तो पहिला माणूस होता.

"साहेब, खरं सांगू?" नवल अमृतला म्हणाला. "तुमच्याकडे राख पडते. एक वर्षाचं साधं कोटिंग करा आणि गाडी भरपूर पाण्याने धुवायची सवय लावा. कोटिंगने डाग बसत नाही, धुवायला सोपं जातं. ओरखडा थांबत नाही. त्याची भीती असेल तर बॉनेटला फिल्म लावा."

"पण नाइन एच लिहिलंय ना? हार्डनेस?"

"ती पेन्सिल घासून बघायची परीक्षा आहे, साहेब. राख पेन्सिल नाही."

पण अमृतच्या शेजारी राहणाऱ्या वरिष्ठ इंजिनिअरने तीन वर्षांचं केलं होतं. म्हणून साहेबांनी पाच वर्षांचं केलं. कोणतं कोटिंग योग्य, या दीड महिन्याच्या अभ्यासाचं उत्तर शेवटी शेजारच्या गाडीने दिलं.

गाडी ताब्यात देताना नवलने बजावलं. सात दिवस धुवायची नाही, कव्हर घालायचं नाही, कोटिंग अजून कच्चं आहे. "आणि पाण्याचा थेंब पडला तर लगेच पुसून घ्या. थेंब वाळला तर डाग कायमचा." अमृत तेव्हा गाडीचे फोटो काढत होता. प्रमिलाबाईंनी मात्र शब्दन् शब्द मनात गाठ मारून ठेवला.

चौथ्या पहाटे त्या दार उघडून बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. रात्रभर दव पडलं होतं. काळ्या बॉनेटवर, टपावर, दारांवर थेंबच थेंब. अमृत झोपलेला. त्याला उठवायला गेलं तर तो खेकसणार, आणि तोवर ऊन आलं तर? त्या धावत आत गेल्या. रोजचं फडकं नको, ते खरबरीत. नातीचं जुनं मलमलचं झबलं होतं, घरातलं सगळ्यात मऊ कापड. ते घेऊन त्यांनी गाडी पुसली. थेंबागणिक पुसली. जमीन पुसतात तशी, गोल गोल, दाबून. दवाखाली रात्रीची राख होती, ती त्या अंधुक उजेडात दिसली नाही. अर्धा तास गुडघे दुखेपर्यंत खपल्या आणि एकही थेंब वाळू दिला नाही. आज पोरगा काहीतरी चांगलं बोलेल असं त्यांना वाटलं. वेडी आशा, पण वाटलं.

अमृत बाहेर आला तेव्हा ऊन बॉनेटवर चढलं होतं. ओरखड्यांची वर्तुळं, एकात एक, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत. एरवी तो आईशी पुस्तकी मराठीत बोलायचा. आईची अहिराणी बोली कॉलनीत ऐकू गेली तर त्याला लाज वाटे. त्या सकाळी ती पुस्तकी मराठी गळून पडली.

"हाई काय करी टाकं तू? कोनी सांगं तुले हात लावाले?"

"थेंब व्हतात रे भाऊ," लेकाला नेहमी भाऊच म्हणणाऱ्या त्या म्हणाल्या. "तो नवल बोलना ना, लगेच पुसानं..."

"हात आहेत का कानशी? या घरात यापुढे कशालाच हात लावायचा नाही. कळलं?" गॅलऱ्यांकडे नजर जाताच तो परत पुस्तकी मराठीवर आला होता.

शेजारच्या दोन गॅलऱ्यांत माणसं उभी होती. हातातलं झबलं कुठे लपवावं हे प्रमिलाबाईंना कळेना.

अमृतने नवलला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे शिव्या सगळ्यांना ऐकू जाव्यात. नवलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्कांचं काही चुकलं नाही, साहेब. मीच अर्धं बोललो. राखेचं गाव आहे, पुसू नका म्हणायला हवं होतं. गाडी घेऊन या, पॉलिश मारून परत लावून देतो." प्रमिलाबाईंनी ते ऐकलं. अमृतनेही ऐकलं. पण गाडीचे ओरखडे निघणार म्हणून बोललेले शब्द मागे घ्यावेत, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

दोन दिवसांनी त्याने आईला एसटीत बसवून दिलं. "मामाकडे चार दिवस जाऊन ये." चार दिवसांचे तीन महिने झाले. सोनगीरला टोपलं तेच होतं आणि नजरही तीच.

फेब्रुवारीअखेर फोन आला. पोरीला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. "तयार राहा, रविवारी येतो." प्रमिलाबाईंनी भराभरा अमृतच्या आवडीचे बिबडे, ज्वारीचे पापड, घातले, दोन दिवस उन्हात वाळवले आणि कापडी पिशवीत भरले. रविवारी ब्याद टळणार या आनंदात वहिनीने स्वतःहून तिसरी भाकरी वाढली. बाईंनी ती खाल्ली. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

गाडी दाराशी उभी राहिली, आरशासारखी. "गाडी भारी शे रे भाचा!" म्हणत सुकदेवने कौतुकाने हात पुढे केला आणि प्रमिलाबाईंनी तो वरच्यावर धरला.

"हात लावू नको, दादा."

त्या दारापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. अमृतने उतरून दार उघडलं तेव्हाच आत बसल्या, पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. बाई सुधारली, असं अमृतला वाटलं असावं. त्याने समाधानाने मान हलवली.

धुळं गेलं. पारोळ्याच्या पुढे पोटात ढवळायला लागलं. काचा बंद, एसी चालू, मोगऱ्याच्या वासाची डबी समोर हलतेय. गाडी थांबव म्हणावं तर अमृत फोनवर कोणाला तरी सांगत होता की दुसऱ्यांदा लावलेलं कोटिंग पहिल्यापेक्षा बरं बसलंय. काच खाली करायची तर बटणाला हात लावावा लागणार. प्रमिलाबाईंनी दात आवळले, श्वास धरला. एरंडोलच्या अलीकडे धरवेना. त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं आणि बिबड्यांवरच ओकल्या, आवाज न करता. कापड भिजायला लागलं तसा पदर खाली घेतला, त्याची खोळ केली आणि दोन्ही मुठींत आवळून धरली. अमृतला वास आला. "बाहेर उकिरडा आहे वाटतं," असं म्हणून त्याने बाहेरची हवा बंद केली. जळगाव आलं, गेलं. भुसावळ गेलं. हात बधिर झाले होते, पदर मांडीवर गरम लागून मग गार पडला होता. प्रमिलाबाई हलल्या नाहीत.

दीपनगरला अमृतने उतरून त्यांचं दार उघडलं आणि तो मागे सरकला.

"आई! सीटवर सांडलं का?"

प्रमिलाबाईंनी मान वर केली. तोंड पांढरंफटक, पण डोळ्यांत चक्क अभिमान होता.

"नही रे भाऊ. एक थेंब बी पडना नही. देखी ले तू."

त्या पदर तसाच धरून खाली उतरल्या. अमृतने वाकून पाहिलं, सीटवरून हात फिरवला, शिवणीत बोट घालून पाहिलं. सीट कोरडी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चल घरात."