शुक्रवारचा मेकॅनिक

भिवंडीच्या तारघरात लागलो तेव्हा मी टेम्पररी होतो. गावी, वडप्यात, बाप सगळ्यांना सांगत फिरायचा, "पोरगा सरकारी हाय, आता चिंता न्हाय." आणि इकडे तारमास्तरांनी मला लेखी ताकीद दिली होती: आणखी एक तक्रार आली की घरी.

तक्रार होती टेलिप्रिंटरची. ठाण्याला बसलेला माणूस टाइप करी आणि ते इथे आमच्या मशीनवर कागदाच्या पट्टीवर उमटे. ती पट्टी फॉर्मवर चिकटवून तार द्यायची. पण निम्म्या वेळा पट्टीवर नुसता कचरा! मग ठाण्याकडे तीच तार पुन्हा मागायची. ठाणेवाले म्हणत, आमच्याकडून नीट जातं, तुमचा नवा माणूस मशीनशी खेळतो. पुन्हा मागितलेल्या प्रत्येक तारेची नोंद माझ्या नावावर चढे. खेळतो म्हणे! एकदा एक खटका सरकवून पाहिला होता, तेवढाच. पण नव्या माणसावर खापर फोडणं सोपं.

मेकॅनिक ठाण्याहून शुक्रवारी यायचा, कारण त्या दिवशी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद, बाजार थंड, तारा कमी. मोटरच्या चाकावर काळेपांढरे पट्टे होते. पोलादी दुशाखी काटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, ठोकून त्याच्या थरथरत्या टोकांवरच्या फटीतून ते बघायचे. वेग बरोबर असला की फिरणारे पट्टे जागच्या जागी उभे दिसत. दर शुक्रवारी ते उभेच दिसत. "मशीन ठणठणीत आहे, माणूस तपासा," असं माझ्यासमोर मास्तरांना सांगून तो चहा पिऊन निघून जाई. असा संताप व्हायचा!

एका बुधवारी शेजारच्या कारखान्यातला एक विणकर आला. पन्नाशीचा, उत्तरेकडचा. गावी त्याची आई आजारी होती आणि भावाच्या तारेची तो चार दिवस वाट बघत होता. ती तार त्याच्यासमोरच आली. त्याचं नाव तेवढं वाचता आलं, पुढे सगळा कचरा. त्या दिवशी मी तीन तारा आधीच पुन्हा मागितल्या होत्या. चौथी मागितली तर मास्तर काय करतील, या भीतीने माझी बोटं अडली.

"मागवलीय. परसों आना," मी सांगितलं. चक्क खोटं.

तो लगेच गेला नाही. मंद जळणाऱ्या दिव्याकडे बघितलं, मोटरचा आवाज ऐकला, आणि म्हणाला, "बाबूजी, आपका मिस्त्री जुम्मे को क्यों आता है? जुम्मे को तो सब लूम बंद, बिजली फुल. लूम बिगड़े तो हम चलते लूम पे देखते हैं."

मी चाट पडलो. एवढी साधी गोष्ट आमच्या कोणाच्या टाळक्यात आली नव्हती.

शुक्रवारी बाजार थंड होता, मशीन नीट चालत होतं. तेव्हा कुठे मी त्याची तार पुन्हा मागितली. स्वच्छ उमटली: आई अत्यवस्थ, लगेच निघ. तो त्याच दुपारी निघाला.

मेकॅनिकच्या मी हातापाया पडलो, एकदा सोमवारी या. आला. सगळे लूम धडधडत होते, दिवे मंद झाले होते, आणि काट्याच्या फटीतून पाहिलं तर पट्टे उलटे पळत होते. लूम चालले की विजेचा दाब उतरत होता आणि मोटर मंदावत होती. त्याने मास्तरांनाही बोलावून ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात मशीनला लूमपासून वेगळी विजेची वायर आली. मास्तरांनी माझी ताकीद फाडली. बापाने गावात पेढे वाटले.

महिन्याने विणकर परतला आणि सरळ तारघरात आला. "मशीन ठीक हुई?" त्याने आधी हेच विचारलं. मी हो म्हणालो आणि आईचं विचारलं.

"मेरे पहुँचने से एक दिन पहले मिट्टी हो गई," तो म्हणाला. म्हणजे आईला दफन करून झालं होतं. "आपका क्या कसूर, बाबूजी. मशीन ही खराब थी."

मी मान हलवली. माझी नोकरी त्याच्यामुळे वाचली होती, आणि ते दोन दिवस मशीनने नाही, मी खाल्ले होते. पुढे तो बरीच वर्षं येत राहिला, रोज सलाम करायचा. मी त्याला कधीच सांगितलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय.