सात सुया आणि पिटुकलीची गोधडी

मावशीच्या घरात पाहुण्याने बसण्याआधी खाली बघून घ्यायचं असतं. एका विमा एजंटाने बघितलं नव्हतं. तो पुन्हा त्या गल्लीत फिरकलेला नाही.

मावशीची एका वेळी सात कामं चालू असतात आणि प्रत्येक कामात एक ओवलेली सुई टोचून ठेवलेली असते. उशीचे अभ्रे सोफ्यावर. टेबलक्लॉथ जेवणाच्या टेबलावर. त्यावर अकरा बदकं आहेत आणि बारावं चार वर्षं डोक्यावाचून पोहतंय. पडदा स्वयंपाकघरात, कारण दूध उतू जाईपर्यंत दहा टाके सहज होतात. ज्या खिडकीसाठी तो पडदा होता, तिच्यापुढे शेजाऱ्याने भिंत बांधून तिचा निकाल लावला. "म्हणून काय हातातलं काम सोडायचं?" मावशी विचारते. शेजारच्या बासरीवाल्यासाठी बासरीची पिशवी. तो आता ढोल वाजवतो, म्हणून मावशी पिशवी थोडी वाढवायच्या विचारात आहे. शिवाय एक 'ते'. ते काय आहे हे कुणालाच, मावशीलासुद्धा, आठवत नाही. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून रोज त्यातही चार टाके पडतात.

सहावं काम म्हणजे काकांचं जाकीट. काका म्हणजे मावशीचे यजमान. ते घड्याळजी आहेत आणि कपाळावर भिंग चढवूनच घरभर वावरतात. जाकीट त्यांच्या अंगावरच शिवलं जातं, ते पेपर वाचत असताना. उजवी बाजू कापूस भरून तयार, डावी नुसतं कापड. थंडीत काका उन्हाकडे डावी बाजू करून बसतात आणि तक्रार म्हणून करत नाहीत.

मावशीचे दोन नियम. पहिला, सुईत उरलेला दोरा वाया घालवायचा नाही. एका कामातून निघालेली सुई त्याच दोऱ्याने शेजारच्या कामात घालायची. आणि दुसरा, कात्री लावायची नाही. "कात्री लावली की काम संपलं. संपलेलं काम पुन्हा हातात येत नाही," असं ती म्हणते. यावर काय बोलणार, कपाळ?

सातवं काम सगळ्यांत जुनं. पिटुकलीची गोधडी.

पिटुकली ही मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण नोकरीला जायची, म्हणून पोर मावशीकडेच वाढली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पिटुकली. आता ती पाच फूट नऊ इंच आहे आणि पंखा पुसायला तिला स्टूल लागत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती अठ्ठावीस वर्षांची झाली तरी तिची गोधडी काही झाली नाही. दर वेळी विचारलं की उत्तर ठरलेलं: "झालीच, शेवटचा काठ राहिलाय." पिटुकली दुकानातल्या पांघरुणात झोपून लहानाची मोठी झाली.

बुधवारी तिचा हॉस्पिटलातून फोन आला.

"मावशी, मुलगी झाली. शनिवारी दुपारी घरी येतोय, तू चारला ये. तिच्यासाठी गोधडी आणशील?"

"आणते की! शेवटचा काठ—"

"मी पहिलीत होते तेव्हापण शेवटचाच काठ राहिला होता." मग पिटुकलीचा आवाज खाली आला. "मला नाही मिळाली ते चालेल गं. तिला तसं नको व्हायला. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी विकतची आणते."

मावशीला हे फार लागलं. ती फोन ठेवून बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली, आणि सुईत दोरा आधीच होता.

त्यानंतर तीन दिवस ती गोधडीला चिकटून बसली. बाकी सहा कामांकडे ढुंकूनही बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण जित्याची खोड ती! दोरा थोडा उरला की हात आपोआप शेजारी जायचा: दोन टाके अभ्र्यात, दोन बदकाला, चार काकांना. शनिवारी साडेतीनला काठ पुरा झाला. मावशीने गोधडी खांद्यावर टाकली आणि दाराकडे निघाली.

पडद्याची काठी धाडकन खाली आली. टेबलक्लॉथ साखरेच्या डब्यासकट घसरला. आणि आरशात भांग पाडणारे काका उलटे तीन पावलं चालत बाहेरच्या खोलीत आले.

"अगं, सगळं एकमेकांना शिवलंयस तू," काका भिंग डोळ्यावर ओढून म्हणाले. "कात्री आणतो."

"खबरदार! चांगल्या कामाला निघालोय आपण."

"मग मी जाकीट काढतो."

"काढाल कसं? पुढून शिवून टाकलंय काल. बटणं व्हायचीत अजून."

चारला वीस मिनिटं कमी होती. घड्याळजी माणूस, त्यांना उशीर सोसत नाही. ते निघाले. पुढे गोधडी घेऊन मावशी, मागे हातभर दोऱ्यावर काका, त्यांच्या हातात पडदा, खांद्यावर बदकं, बगलेत अभ्रे, गळ्यात पिशवी, आणि सगळ्यांत मागे फरफटत 'ते'.

"काका, घर बदलताय का?" कोपऱ्यावरच्या चांभाराने विचारलं.

"नाही, बाळाला बघायला चाललोय."

चांभार पुन्हा चपलेकडे वळला. एक सायकलवाला मात्र खाली उतरून मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

दोन गल्ल्या ओलांडून ते चारला दोन मिनिटं असताना पिटुकलीच्या दारात पोचले. पिटुकली पलंगावर बसली होती, शेजारी मुठीएवढं तोंड करून बाळ झोपलं होतं. तिने त्या लटांबराकडे बघितलं, पण तिचे डोळे गोधडीवर खिळले.

"झाली?"

"झाली," मावशी म्हणाली. पिटुकलीने हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिने गोधडी झटकली आणि मोठ्या मायेने बाळावर पांघरली.

बाळ नाहीसं झालं. पलंगभर नुसती गोधडीच गोधडी. पिटुकलीचा नवरा एका कोपऱ्यातून शोधू लागला, काका दुसऱ्यातून. बाळ सापडलं तेव्हा ते शांतपणे जांभई देत होतं.

"मावशी," पिटुकली हळूच म्हणाली, "ही माझ्या मापाची आहे."

मावशी उभीच राहिली. तीन दिवस डोळे फोडून तिने एका वीतभर बाळाच्या गोधडीला आणखी एक काठ लावला होता. तिच्या हाताला एकच माप ठाऊक होतं, आणि ते समोर पलंगावर पाच फूट नऊ इंच बसलं होतं.

काकांनी भिंग लावून गोधडीवर नाक टेकवलं. "हा काठ परवाचा. हा तुझ्या लग्नातला, माझ्या जुन्या सदऱ्याचा. हा कॉलेजचा. हा शाळेचा, यावर शाई आहे." सरकत सरकत ते अगदी मधल्या चौकोनापाशी आले आणि थांबले. "इथे शेवटची गाठ आहे, शेजारी दोऱ्याने तारीखही घातलीय. ही गोधडी इथे पुरी झाली होती, पिटुकली. तू वीस दिवसांची होतीस तेव्हा."

"मग मला दिली का नाहीस?"

"दिली होती की!" मावशी जवळजवळ ओरडलीच. "अंगावर घातली तर तुझे पाय बाहेर. म्हटलं, चार बोटं वाढवून देते. वाढवून आणली तर तू त्याच्याही पुढे. दर वेळी तेच. मी हळू नव्हते गं! तूच थांबत नव्हतीस."

मग तिने एकदा बाळाकडे आणि एकदा त्या मधल्या चौकोनाकडे बघितलं.

"कात्री आणा," मावशी म्हणाली.

काका जागचे हलले नाहीत; हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. शेवटी जावयाने आणली. मावशीने मधल्या चौकोनाच्या कडेने, एकेक बाजू सोडवत, स्वतःच्या हाताने कापलं. प्रत्येक वेळी कात्री मिटताना ती डोळेही मिटायची. चौकोन सुटला. तो तिने बाळावर घातला.

दोन बोटं पाय बाहेर राहिले.

मावशीचा हात पदराशी टोचलेल्या सुईकडे गेला. पिटुकलीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"राहू देत बाहेर. सुई खाली ठेव."

मावशीने सुई खाली ठेवली. आता पलंगावर उरली होती मधोमध भोक पडलेली एक भलीमोठी गोधडी. तिचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. काका म्हणाले, 'ते'ला सोबत होईल. तेवढ्यात पिटुकलीने ती उचलली, भोकातून डोकं घातलं आणि उभी राहिली. शाळा, कॉलेज, लग्न, परवाचा काठ, सगळं खांद्यांवरून गुडघ्यांपर्यंत आलं आणि नेमकं बसलं. दोऱ्याच्या टोकाला असलेले काकाही दोन पावलं पुढे आले.

"ही माझी," पिटुकली म्हणाली.

मावशीने तिच्याभोवती एक फेरी मारली. खांदे बघितले, लांबी बघितली, बोटं लावून खाली मोजलं. कुठे काही कमी नव्हतं. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"आता तरी वाढू नकोस गं," ती म्हणाली.

"नाही वाढत," पिटुकली म्हणाली.