केरबाची ओळखीची खूण

पासपोर्टच्या फॉर्मात ओळखीच्या खुणेचा एक रकाना असतो. विट्याच्या एजंटानं तिथं पेन टेकवलं आणि विचारलं, "बोला, खूण काय लिहू?"

"मिशी," केरबा म्हणाला.

"तशी न्हवं. तीळ, व्रण, असलं कायतरी लागतं."

"तीळ न्हाई."

एजंटानं त्याच्या डाव्या मनगटाकडं बोट केलं. तिथं भाजल्याचा चांगला रुपयाएवढा डाग होता. "आन् ह्ये काय?"

"ह्ये व्हय? ह्ये तर आमच्यात समद्यांस्नी हाय. ही कसली खूण?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. सोनाराच्या दुकानातला केरकचरा गोळा करायचा, भट्टीत तापवायचा, तेजाबात घालायचा आणि त्यातून सोन्याचा कण वेगळा काढायचा. मदुरा, सेलम, कोइमतूर, जिथं सोनार तिथं ह्या गावचा माणूस. चिमटा धरायला शिकायच्या आधीच मनगट भाजायचं. डाग नसलेल्या गड्याला पोरगी देताना लोक विचार करायचे.

मिशीची गोष्ट वेगळी. तशी मिशी गावात दुसऱ्या कुणाला नव्हती. कराडहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर त्याला 'मिशीवाले' म्हणून हाक मारायचा. एजंटाच्या दारात आणखी गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं 'भरघोस मिशी' असं लिहून टाकलं आणि पुढच्याला बोलावलं.

अशा रीतीनं एकाहत्तर साली केरबा रामेश्वरहून बोटीनं सिलोनला गेला आणि जाफन्यात एका सोनाराच्या दुकानामागं त्यानं भट्टी लावली. तीन वर्षांत तो भट्टीपुरतं तमिळ शिकला. आग, तेजाब, कमी, जास्त, उद्या.

तार आली ती मानसिंगची, धाकट्या भावाची. वडील गेले. दहाव्याच्या आत ये.

केरबानं तार घडी करून खिशात ठेवली, विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि न्हाव्याला बोलावलं. न्हावी डोकं भादरून थांबला. त्यानं मिशीकडं बघितलं, मग केरबाकडं.

"ती पण," केरबा म्हणाला. बाप गेल्याचं कळल्यावर थोरल्या पोरानं केस ठेवायचे नसतात. जाफना असो नाहीतर विटा.

मालकानं त्याला जाताना बजावलं, "धक्क्यावर देश सोडल्याचा शिक्का घेतल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नकोस. तुझ्यासाठी मी सही केली आहे. शिक्का नसेल तर कागदावर तू माझ्याच घरात राहतोस."

"मी तर जातोय."

"कागदाला ते दिसत नाही."

रामेश्वरची बोट तलैमन्नारहून सुटायची आणि आगगाडी तिथं थेट धक्क्यापर्यंत जायची. केरबा रांगेत उभा राहिला. समोर बोट लागली होती. ही बोट चुकून पुढची धरली असती तर दहावा मागं पडला असता, हा हिशेब त्यानं गाडीतच करून ठेवला होता.

टेबलामागच्या साहेबानं पासपोर्ट उघडला. फोटो बघितला. केरबाकडं बघितलं. परत फोटो बघितला.

"हा कोण?"

"मीच."

"याला मिशी आहे."

"काढली. बाप मेला."

साहेब वाचू लागला. त्याचं बोट त्या रकान्यावर थांबलं. "इथं लिहिलंय, ओळखीची खूण मिशी. खूण कुठं आहे?"

केरबानं मनगट पुढं केलं. "ह्ये बघा. ह्ये लई जुनं हाय." तमिळमधून सुरू केलेलं वाक्य मराठीत संपलं.

"हे लिहिलेलं नाही," साहेब म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याच्या पासपोर्टवर माणूस सोडला तर माझी नोकरी जाईल. मिशी वाढव, मग ये." त्यानं पासपोर्ट टेबलाच्या कडेला सरकवला आणि पुढच्याला बोलावलं.

केरबा बाजूला झाला. धक्क्याच्या तोंडाशी एक म्हातारी चहा विकत होती. तिच्या शेगडीतले कोळसे विझत आले होते. तो त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. केरबाला ओठावर लव फुटायच्या आधी एकदा राजाचं काम मिळालं होतं, तेव्हा बापानंच त्याला कंदिलाजवळ बसवून कोळशानं मिशी रेखली होती. कोळसा बारीक कुटायचा, खोबरेलात कालवायचा, मधनं सुरुवात करायची आणि टोकाला बोट उचलायचं. "हलू नगं," बाप म्हणाला होता, "राजा हलत न्हाई."

म्हातारीनं विझलेला कोळसा दिला, डोक्याचं तेलही दिलं. कशाला ते विचारलं नाही. सुतकातल्या माणसानं तोंडाला रंग लावू नये हे केरबाला ठाऊक होतं. त्यानं तिच्या पितळी भांड्यात तोंड बघितलं आणि मधनं सुरुवात केली.

तो परत टेबलापुढं उभा राहिला तेव्हा शेजारचा कारकून मान खाली घालून हसला. साहेब हसला नाही. त्यानं फोटो चेहऱ्याशेजारी धरला.

"उजवं टोक खाली आलंय."

केरबानं बोटानं टोक वर ओढलं.

साहेबानं डोळे बारीक करून बघितलं, मान हलवली आणि शिक्का मारला. देश सोडला.

बोटीत केरबा सगळा वेळ तोंडापुढं हात आडवा धरून बसला. पलीकडं रामेश्वरला परत तपासणी होती आणि पाण्याचे तुषार तर उडतच होते. शेजारच्या बाईला वाटलं, ह्याला मळमळतंय. तिनं लिंबू दिलं. रामेश्वरच्या साहेबानं मात्र फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. शिक्का शोधला, सापडला, पासपोर्ट परत दिला.

तेलातला कोळसा नुसत्या पाण्यानं जात नाही. मद्रास, मिरज, कराड करत तो दहाव्याच्या सकाळी घरी पोचला तेव्हा ओठावर काळी सावली होती.

आई, हरणाबाई, उंबऱ्यात उभी होती. "ह्ये काय रं तोंडाला?"

"कोळसा."

"कशाचा?"

"बोटीचा," तो म्हणाला. तिनं पदर ओला करून पुसायला हात उचलला.

"थांबा वैनी," भावकीतले लालासाहेब ओट्यावरून बोलले. "बापाच्या सुतकात मिशी रंगवून आलाय थोरला. आसंच पुसून कसं चालंल?"

"रंगवली न्हाई, तात्या. रंगवावी लागली."

"तेच त्ये. लावली का न्हाई?"

"लावली."

"मंग उतरव परत."

नदीवर न्हाव्यानं त्याला समोर बसवलं. ओठावर काढण्याएवढा एक केस नव्हता. न्हाव्यानं तरीही साबण लावला, वस्तरा तळव्यावर उलटा-सुलटा फिरवला आणि मधनं सुरुवात करून टोकापर्यंत नेला. फेस काळा झाला.

"हलू नगं," न्हावी म्हणाला.

केरबा हलला नाही. डोळ्यांतलं पाणी फेसात उतरलं तसा न्हाव्यानं वस्तरा थोडा वेळ हातातच धरला, मग दुसरी बाजू घेतली. मानसिंग पिंडाचं ताट घेऊन पाण्याजवळ उभा होता. त्यानं ते थोरल्याच्या हातात दिलं.

मिशी पुढं परत वाढली, पहिल्यासारखीच. केरबा परत जाफन्याला गेला, आला, गेला. गावातली आणखी पोरं तिकडं निघाली तेव्हा फॉर्म भरायच्या आधी त्याच्याकडं यायची. तो प्रत्येकाचं मनगट धरून बघायचा आणि सांगायचा, "ह्ये लिवा. मिशी, टोपी, कायबी सांगू नगा."

अठ्ठ्याहत्तर साली विट्याच्या एजंटानं त्याला बाजारात गाठलं.

"केरबा, तुमच्या गावाचं करायचं काय? समद्या फॉर्मांवर एकच खूण. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग."

"मी तवाच सांगितलं हुतं तुमाला," केरबा म्हणाला आणि एसटीकडं निघाला.