तंबूवाल्यांचं घर

"लुगडं सोड. देखू दे काय शे ते."

भर दुपार. तापीकाठी, प्रकाशा गावाशेजारच्या एका गावात जमीनदाराच्या दारी लग्नाचा मांडव. आम्ही तमासगीर. संध्याकाळी तिथे खेळ होता. पाहुणे जेवून सुपारी कातरत बसलेले. मी मधोमध उभी.

जमीनदार खाटेवर रेललेला. त्याने परत तेच सांगितलं. मांडव हसला. बायका खिडकीशी जमल्या.

आणि माझा हात कमरेच्या गाठीकडे गेला.

कुणी मारलं नव्हतं. कुणी धरलंही नव्हतं. हात आपला आपण गेला. त्या हसण्यापेक्षा या हाताची लाज मला जास्त वाटते. आजही.

मी रनाळ्याची. आईबापाच्या लेखी मुलगा. बाप दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबायचा. मी तोंडाने 'होतो' म्हणायची, मनात 'होते' असायचं. शाळेत मास्तरांनी एकदा वर्गासमोर चालून दाखवायला लावलं. पोरं हसली. मी चालून दाखवलं. मोठ्या माणसाने सांगितलं की करायचं, ही सवय अंगात तिथूनच मुरली. मग बापाने घराबाहेर काढलं. गावात फड आला होता, त्याच्या बैलगाडीमागे मी चालत गेले.

फडात मी नाच्या झाले. बाकीचे नाचे खेळापुरतं लुगडं नेसायचे. मी उतरवायचीच नाही.

फड शेवंताबाईचा आणि तिच्या भावाचा, दगडूअण्णाचा. तंबू दोघांच्या मालकीचा. अण्णा तरुणपणी स्वतः नाच्या होता. म्हातारपणीही गाल गुळगुळीत ठेवायचा. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

तर त्या मांडवात माझ्या निऱ्या सुटल्या. अर्धं लुगडं मातीत. तेवढ्यात शेवंताबाई माणसं सारत आली. अंगावरची शाल तिने मला गुंडाळली.

"मन्ही पोर शे ती," ती जमीनदाराला म्हणाली. "आज खेळ नही. तंबू उतारा रे!"

"या पट्टामा परत तंबू लागाव नही तुन्हा," जमीनदार म्हणाला.

"नको लागू दे."

आम्ही उपाशी निघालो. गाडीत मी मान वर केली नाही. माझ्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय आला होता. मी म्हटलं, "बाई, माले सोडी द्या. मी जास कुठेबी."

अण्णा बोलला. बैलांकडे बघत.

"माले बी लुगडं सोडाले लायं व्हतं एकदा. मन्हा करता कोनी धावत उना नही."

त्या दिवसापासून अण्णाच्या डोक्यात घर बसलं. पावसाळ्यात फड बंद. बाकीचे आपापल्या गावी जायचे. आमच्यासारखे कुठे जाणार? गुलाब नावाचा म्हातारा नाच्या होता. मी त्याला मावशी म्हणायची. तो पावसाळा काढायचा धर्मशाळेच्या ओट्यावर, भिजत. बहीणभावाने विसरवाडीला, मोठ्या रस्त्याच्या कडेला, एक पडकं कौलारू गोदाम घेतलं. कौलं फेरली, भिंती लिंपल्या. हंगामातल्या शेवटच्या खेळाची कमाई या घरासाठी, असं ठरलं.

लोक अण्णाला वेड्यात काढायचे. बाई म्हणायची, "ज्यास्ना नाचवर आम्ही जेवनूत, त्यास्ले पानीमा सोडी देवानं का?"

गुलाबमावशी आली. दुसऱ्या फडांतले नाचे आले. घरच्यांनी हाकललेला एक हिजडा आला. सुरतेच्या बाजूने दोन बाया आल्या, एकमेकींना सोडून राहायचं नाही म्हणून नवऱ्यांची घरं सोडून आलेल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. चूल एकच.

पण जमीनदाराने बोललं ते केलं. तापीकाठच्या गावांत आमचा तंबू लागेना. एका श्रावणात घरात फक्त नागलीचं पीठ उरलं. आम्ही आंबील पिऊन दिवस काढत होतो. गुलाबमावशी तापाने पडलेली.

आणि त्याच जमीनदाराची गाडी दारात आली. मागे ज्वारीची पोती. तो आत आला नाही. बाहेर ओट्यावर बसला.

"धरम म्हनीसन देस," तो बाईला म्हणाला. "नातूनं बारसं शे. हिले धाडा. त्या दिननी गंमत अर्धी ऱ्हायनी."

बाईचा चेहरा राखेसारखा झाला. ती माझ्याकडे वळली. "तू सांग. तू सांगशी तेच."

खरं सांगते, मी मनातल्या मनात निघालेच होते. एकदा झालंय, अजून एकदा. त्यात काय. घरात दाणे येतील. मी आत बघितलं. त्या दोघी बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. आपली भूक मला दिसू नये म्हणून. गुलाबमावशीने डोळे मिटून घेतले होते.

त्यांनी तोंड फिरवलं आणि मला कळलं. इथे मला कुणी पाठवणार नव्हतं. जायचं तर मीच जाणार होते.

"पोतं खाली उतारू नको," मी म्हटलं. "मी येनार नही. नाच देखना व्हई तं तंबूमा ये. सगळासनासंगे चटईवर बस."

मी त्याला 'तू' म्हटलं होतं.

तो थुंकला. गाडी गेली. पोती गेली.

गुलाबमावशी भादव्यात गेली. वैद्य म्हणाला, छातीच भरली होती, दाणे असते तरी ती वाचली नसती. मला माहीत नाही. घरातल्या कुणी मला दोष दिला नाही. तिला नेताना गावाने दारं लावून घेतली. लुगडं नेसूनच मी तिला खांदा दिला.

लाज गेली नाही. ती जाते असं कुणी सांगत असेल तर खोटं आहे.

पुढे अण्णा थकला. बाईने तंबू माझ्या हाती दिला. आज फडाची मालकीण मी. शेवटचा खेळ अजूनही घराचाच. दान घेऊन लोक येतात, आता जास्तच येतात. मी त्यांना आत बोलावते. पाट मांडते. आमच्या चुलीजवळ बसून जो भाकर खाणार नाही, त्याचा दाणा या घरात येणार नाही.

चूल विझलेली असली तरी नाही.