साहेबांच्या टेबलावरचा तिसरा फोन

“सर, पासवर्ड बरोबरच टाकलाय मी. देवाशप्पथ.”

पेणच्या डेपोतून सुनंदा म्हात्रे बोलत होती. आठवड्यात चौथ्यांदा. मी रोह्याच्या कारखान्यात सिस्टिम्स विभाग सांभाळायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणचा कॉम्प्युटर मोडेम नावाच्या डबीतून साध्या टेलिफोन लाईनवर आमच्या सर्व्हरला जोडला जायचा. रोज दहाला शिल्लक मालाची यादी पाठवणं हे सुनंदाचं काम. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत. तीनदा चुकला की लॉगिन बंद. मग मी रोह्यातून ते उघडायचं.

सर्व्हर स्वतःच नोंद ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. त्यात स्वच्छ दिसत होतं: पेण, तीन वेळा चुकीचा पासवर्ड. काही दिवस मात्र पहिल्याच फटक्यात जोडणी. मशीन असं लहरी नसतं, माणूस असतो, असं माझं तेव्हाचं मत.

सुनंदा पेणजवळच्या गडब गावची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली आणि पुढच्याच महिन्यात कायम व्हायची होती. डेपो मॅनेजरांचा फोन आला, “तुम्ही एकदा येऊन बघा आणि काय ते लिहून द्या.”

कळवून गेलो. मॅनेजर दारात गुलाब घेऊन उभे. मोडेमलाही हार घातलेला. केबिनमध्ये टेबलावर तीन फोन.

“तिसरा कशाला?”

“असू द्या हो. पार्टी आली की बरं दिसतं.”

मनातल्या मनात हसलो. कँटीनमध्ये सांगायला किस्सा झाला. तो फोन कुठल्या लाईनवर आहे, हे विचारलं नाही.

दहाला मॅनेजरांसकट आम्ही सगळे सुनंदाच्या मागे उभे राहिलो. तिने नंबर लावला, पासवर्ड टाकला. लागला.

“बघितलंत? लक्ष दिलं की होतं,” मॅनेजर म्हणाले.

“मी रोज असाच टाकते, सर. खोटं नाय बोलत.”

मी रिपोर्टात एक ओळ लिहिली : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. सुनंदा कायम झाली नाही.

तिच्या जागी आलेल्या मुलाचाही पंधरा दिवसांत फोन आला. तेच रडगाणं. या वेळी न कळवता एसटीने गेलो आणि काचेच्या केबिनसमोर बसलो. दहाला मॅनेजर आले. तसबिरीला उदबत्ती ओवाळली. मग एकेक रिसीव्हर उचलून कानाला लावू लागले. लाईन जिवंत आहे ना, हे तेव्हा सगळेच असं बघायचे. फोन कधी मरेल याचा नेम नसे. तिसऱ्यात त्यांना किरकिर ऐकू आली. तोंड वाकडं करून त्यांनी बटण खटखटवलं, ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा खटखट. ती किरकिर मोडेमची होती. नव्या लाईनला वर्षं लागायची, म्हणून तो शोभेचा फोन मोडेमच्याच लाईनवर जोडलेला. प्रत्येक खटखटीत पासवर्डमध्ये कचरा शिरत होता. इकडे तिसऱ्यांदा पासवर्ड चुकून लॉगिन बंद पडलं, मोडेमने लाईन सोडली, तिकडे साहेबांना स्वच्छ टोन मिळाला. समाधानाने त्यांनी रिसीव्हर ठेवला.

मागच्या वेळी मी कळवून आलो, तेव्हा दहाला ते केबिन सोडून माझ्या स्वागतात होते. म्हणून लागला होता.

फोन काढला. चूक सुनंदाची नव्हती, असा दुसरा रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं : जागा भरली आहे.

सुनंदा हमरापूरला मामाच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासत होती. तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“मग सायबांना काढलं काय?”

“नाही.”

“फोन?”

“फोन काढला.”

“व्हय. फोन काढणं सोप्पं.” तिने मूर्तीवरची पूड फुंकली. “च्या घेणार काय, सर?”

घेतला. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

पुढे कुठूनही लॉगिनची तक्रार आली की मी आधी टेलिफोनची वायर कुठे कुठे जाते ते बघायचो, लॉग नंतर. पेणच्या फाइलीत मात्र दोन्ही रिपोर्ट राहिले. पहिल्यावरची माझी सही जास्त ठसठशीत आहे.